मेहनतीचे मार्क कुणाचे? मुलाचे, की घरातल्या मोबाइलचे?

जांबोटीवाट | रविवार, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला असलेल्या एका सरकारी मराठी शाळेत मी शिकवते. एकोणीस वर्षं झाली. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण जे लिहिणार आहे ते एकाच शाळेचं दुखणं नाही.

परवा शुक्रवारी एफए-२ चे, म्हणजे वर्षातल्या दुसऱ्या आकारिक मूल्यमापनाचे, मार्क काढायला बसले होते. आधी रजिस्टरात लिहायचे, मग नेट आलं की सॅट्सवर, म्हणजे सरकारच्या पोर्टलवर, चढवायचे. बाहेर धो धो पाऊस, दुपारीच लाइट गेलेली. सातवीच्या गठ्ठ्यात दोन प्रोजेक्ट एकाखाली एक आले आणि माझा हात थांबला.

पहिला एका मुलाचा. विषय 'पाण्याचे महत्त्व'. कलर प्रिंट, स्पायरल बाइंडिंग, वर प्लॅस्टिकचं कव्हर. शेवटच्या पानावर 'निष्कर्ष' असं ठळक शीर्षक आणि खाली 'जलसंवर्धन हा एक बहुआयामी विषय असून' अशी सुरुवात. मी त्याला बोलावून विचारलं, "बहुआयामी म्हणजे काय रे?" तो पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. वडिलांनी एस.टी.नं खानापूरला जाऊन झेरॉक्सच्या दुकानातून ते काढून आणलं होतं. पोराला दोष कसा देऊ? "नेटवरून माहिती काढा, छान सजवा" असं वर्गात मीच सांगितलं होतं.

दुसरा प्रोजेक्ट गवळीवाड्यावरनं येणाऱ्या मुलीचा. ही रोज चार किलोमीटर चालत येते. वहीला धुराचा वास येत होता, कारण भिजलेली वही चुलीवरच्या फळीवर वाळवलेली. शाई फुटली म्हणून तीच पानं तिनं पेन्सिलीनं परत लिहून काढली होती. प्रोजेक्ट दीडच पान. त्यात लिहिलेलं: "आमच्या विहिरीला एप्रिलात तळ दिसतो. मग आई ओढ्यातल्या झऱ्यावर जाते. झऱ्यात घागर बुडत नाही. वाटीनं भरावी लागते. एका घागरीला किती वाट्या लागतात ते मी मोजलं. चौसष्ट."

माझ्या रजिस्टरात प्रोजेक्टचे पंधरा मार्क होते, आणि ते कशाला द्यायचे तेही मीच ठरवलेलं: मांडणी, चित्रं, सजावट, वेळेत जमा. या हिशेबानं पहिल्याला चौदा बसत होते आणि दुसरीला सात.

तिच्याच वहीच्या समासात आणखी काहीतरी सापडलं. कुणीही न सांगता केलेली यादी:
मने – घर. मनं नव्हे.
मळे – पाऊस. शेतातले मळे नव्हेत.
बाळे – केळं.
हालु – दूध.
आने – हत्ती.
मागच्या महिन्यात कन्नडच्या चाचणीत 'मळे बंतु' याचं मराठी तिनं 'मळे आले' असं केलं होतं आणि त्यावर लाल फुली पडली होती. त्या फुलीनंतर ही यादी सुरू झाली. दिसायला मराठी आणि अर्थानं कन्नड असे शब्द ती हुडकायला लागली होती. आता मला सांगा, हे मी कुठल्या रकान्यात भरू?

मला जे वाटतं ते सरळ लिहिते. मेहनत मार्कांत मिसळू नये. मुलाला काय येतं त्याचे मार्क वेगळे, आणि त्यानं काय धडपड केली ते वेगळं, शब्दांत लिहावं. दोन्हींचं कालवण केलं की काय येतं तेही कळत नाही आणि मेहनतही दिसत नाही. हे मी नव्यानं सांगत नाही. कोठारी आयोगानं १९६६ च्या अहवालात शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनाचा निकाल बाहेरच्या परीक्षेच्या गुणांत न घालता वेगळा दाखवा असंच म्हटलं होतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातलं कलम २९ सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन सांगतं, पण ते कशाचं? मुलाच्या समजेचं आणि ती समज वापरण्याच्या क्षमतेचं. सजावटीचं नव्हे.

दुसरं म्हणणं मोबाइलबद्दल. शाळेत आम्हाला जे यंत्र वापरायचं ते वापरू. पण जे घरी असलं तरच होतं, त्यावर एकही मार्क ठेवू नये.

तुमच्याकडे काय करता? शिक्षक, पालक, मुलं, सगळ्यांनी लिहा.

---

निपाणी_हायस्कूल | रविवार, रात्री १०.०५

बाई, दहावीच्या वर्गावर या म्हणजे हेच दुखणं केवढं वाढतं ते दिसेल. एस.एस.एल.सी., म्हणजे आमची दहावीची बोर्डाची परीक्षा, ६२५ मार्कांची. त्यात पहिल्या भाषेचे २५ आणि बाकी पाच विषयांचे प्रत्येकी २०, असे १२५ मार्क शाळेच्या हातात. मी सव्वीस वर्षं हायस्कूलला आहे. स्वतःच्या सहीचं सांगतो, दुसऱ्या कुणाचं नाही. माझ्या रजिस्टरात वीसपैकी सतराच्या खाली मार्क शोधून सापडणार नाहीत. ज्यानं प्रोजेक्ट केला त्याला एकोणीस, ज्यानं विकत आणला त्याला एकोणीस, ज्यानं दिलाच नाही त्याला हाका मारमारून शेवटी सतरा.

का देतो? माझ्या वर्गात विडी वळणाऱ्या आयांची पोरं आहेत. तंबाखूच्या हंगामात काही पोरं पंधरा पंधरा दिवस येत नाहीत. लेखीत कमी पडली तर अंतर्गतच्या मार्कांवर तरतील, एवढाच विचार असतो. पण त्या पोरांच्या खऱ्या मेहनतीची किंमत मीच शून्य केली, हे तुमचं लिखाण वाचल्यावर टोचलं. सगळ्यांनाच एकोणीस म्हटल्यावर जी पोरगी रात्री विड्या वळून सकाळी प्रमेय पाठ करून येते तिचे एकोणीस कुठं दिसणार?

२०२४ ला परीक्षा केंद्रांवर कॅमेरे लावून वेबकास्टिंग सुरू झालं तेव्हा राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८३.८९ टक्क्यांवरून ७३.४० वर आला, आणि तोही ग्रेस गुण १० टक्क्यांवरून २० टक्के केल्यावर. त्या वर्षीसुद्धा आमच्या शाळेतले अंतर्गतचे मार्क होते तिथंच होते. लेखीवर कॅमेरा आला, आमच्या रजिस्टरावर आला नाही. यावा असं म्हणत नाही. खरं, आपण काय लिहितोय ते आपल्याला तरी माहीत असावं.

---

उद्यमबाग_दुसरी_पाळी | रविवार, रात्री ११.४०

आताच पाळी सुटली. मी फाउंड्रीत आहे. घरात मोबाइल एकच, खरं तो माझ्याबरोबर कारखान्यात येतो. मुलाच्या शाळेचा ग्रुप आहे. संध्याकाळी साडेसातला गृहपाठ पडतो, 'रात्री ९ पर्यंत फोटो पाठवा'. मी बारा वाजता घरी येतो. पोरगा वही उशाला उघडी ठेवून झोपलेला असतो. मी त्या वहीचा फोटो काढून पाठवतो. प्रगतिपुस्तकात शेरा आला, 'गृहपाठ वेळेवर सादर करत नाही'.

तो गृहपाठ सातलाच करून ठेवतो. उशीर माझ्या मोबाइलला होतो.

---

कडोलीची_आई | सोमवार, सकाळी ७.३०

वरच्या भाऊंचं वाचून वाईट वाटलं. तरी दुसरी बाजू लिहिते, कारण मोबाइल म्हटलं की सगळे त्यालाच झोडायला लागतात.

माझ्या मुलीला एका कानानं कमी ऐकू येतं. वर्गात पंचेचाळीस मुलं, पंख्याचा आवाज, बाई फळ्याकडे तोंड करून बोलतात. तिला अर्धं कळायचंच नाही. पाचवीपर्यंत सगळ्यांनी तिला 'लक्ष नसतं', 'कष्ट घेत नाही' असंच म्हटलं. पुस्तकातल्या धड्यावरचा क्यूआर कोड मोबाइलनं उघडला आणि दीक्षा या सरकारी ॲपवरचा व्हिडिओ लागला, तेव्हा तिला पहिल्यांदा थांबवून, मागे नेऊन ऐकता आलं. भिन्नांचा एक भाग तिनं सलग सात वेळा ऐकला. मी शेजारी भाजी निवडत होते, मी मोजलं.

म्हणून जांबोटीवाट ताई, 'घरच्या यंत्रावर एकही मार्क ठेवू नका' हे मान्य. पण 'यंत्र नकोच' इथवर जाऊ नका. वर्गात न दिसणारी तिची मेहनत मला त्या यंत्रामुळेच दिसली.

---

चिक्कोडी_गणित | सोमवार, सकाळी ९.१०

मला मूळ धागाच पटला नाही. स्पष्ट लिहितो, राग नसावा.

मेहनतीचे मार्क काढून टाकले तर सगळ्यात आधी कोण बुडेल? हुशार पोरं नाहीत. ज्याला आठवीत अजून हातच्याची वजाबाकी जमत नाही पण रोज येतो, रोज बसतो, रोज चुकतो आणि परत करतो, तो बुडेल. त्याला तुम्ही शंभरात अठरा द्याल आणि खाली चार ओळी छान लिहाल. त्या चार ओळी कोण वाचणार? ऊसतोडीच्या दिवसांत घरी आलेला बाप प्रगतिपुस्तक हातात घेतो आणि आकडा बघतो. अठरा बघितले की म्हणतो, "बास झाली शाळा, चल टोळीत." मी हे डोळ्यानं बघितलंय. त्याच पोराला मी रोजच्या वहीचे, हजेरीचे, परत सोडवलेल्या गणितांचे मिळून पस्तीसवर नेऊन ठेवतो, तेव्हा ते पोर पुढच्या जूनमध्ये बाकावर असतं.

आकडा ही आपल्या भागातल्या पालकाला कळणारी भाषा आहे. तिच्यातनं मेहनत काढून घेतली तर गरिबाच्या पोराचं एकमेव भांडवल काढून घेतल्यासारखं होईल.

---

जांबोटीवाट | सोमवार, संध्याकाळी ६.४५

चिक्कोडी सर, राग कसला? तुमच्या प्रतिसादानंतर दिवसभर तोच विचार डोक्यात होता.

बाप आकडाच बघतो, हे माझ्याकडेही तसंच आहे. पण त्या पोराचं पुढं काय होतं? आठवीत पस्तीस, नववीत पस्तीस. बापाला वाटतं गणित येतंय. पोरालाही तसंच वाटतं. नववीच्या सरांना वाटतं हातच्याची वजाबाकी येत असणारच, म्हणून ते थेट बहुपदींवर जातात. त्याला मदत पाहिजे हे सांगणारा एकच कागद होता आणि त्यावर आपण पस्तीस लिहिले. त्यानं शाळा सोडू नये म्हणून लिहिले, हे खरं. पण तो बाकावर बसून राहिला आणि गणित तिथंच राहिलं.

मग दोन आकडे का नसावेत? काय येतं त्याचा एक, आणि कुठनं कुठवर आला त्याचा दुसरा. जूनमध्ये वीसपैकी तीन गणितं सुटत होती, सप्टेंबरात नऊ सुटतात. 'तीनवरून नऊ' हे ऊसतोड करणाऱ्या बापाला नक्की कळेल. टोळीत तो रोज मोळ्या मोजतोच की. यात त्या पोराची मेहनतही आली आणि खोटंही काही नाही.

उद्यमबागच्या दादा, तुमच्या मुलाच्या बाईंना एकदा तोंडी जाऊन सांगा. त्यांना खरंच माहीत नसेल. आम्हालाही ग्रुपवर फक्त फोटोची वेळ दिसते, वही किती वाजता मिटली ते दिसत नाही.

कडोलीच्या ताई, तुमचा मुद्दा मी धाग्यात लिहायला हवा होता. यंत्र नको असं माझं मुळीच म्हणणं नाही.

---

पीयू_सायन्स_पहिलं_वर्ष | सोमवार, रात्री ८.२०

मी यंदाच बेळगावात पीयूला, म्हणजे अकरावीला, आलो. दहावी मराठी माध्यमातून. अंतर्गतमध्ये मला सगळीकडे वीसपैकी वीस होते, मराठीला पंचवीस. सगळे प्रोजेक्ट माझ्या बहिणीनं केले, कारण तिचं अक्षर चांगलं आहे. विज्ञानाचा थर्माकोलचा हृदयाचा नमुना आम्ही विकत आणला होता आणि पुढच्या वर्षी तोच चुलतभावानं दिला. त्यालाही वीस.

इथं सगळं इंग्रजीत. पहिल्या प्रॅक्टिकलला सरांनी विचारलं, रीडिंग तीनदा का घेतात? मला उत्तर आलं नाही. शाळेत कधी एकदाही घेतलं नव्हतं, फक्त जर्नलमध्ये उतरवलं होतं. आता रोज रात्री इंग्रजी शब्द मराठीत लिहून काढतो. फोनमध्ये डिक्शनरी आहे, ती फार उपयोगी पडते. ही मेहनत दहावीत कुणी करून घेतली असती आणि त्याबदल्यात वीसऐवजी बारा दिले असते तरी चाललं असतं, असं आता वाटतं. तेव्हा विचारलं असतं तर मी वीसच मागितले असते, हेही खरं आहे.

---

सीमेवरचा | सोमवार, रात्री ९.५५

मुळात मराठी शाळांकडे सरकारचं लक्षच नाही. १९५६ पासून आपण हे भोगतोय आणि २००४ पासून सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. जोवर तो प्रश्न सुटत नाही तोवर या मार्कांच्या चर्चा कशाला?

---

वडगाव_कन्नड_शाळा | सोमवार, रात्री १०.३०

सीमेवरचे दादा, तो प्रश्न मोठाच आहे, पण कृपया या धाग्यावर नको. दाव्याचा निकाल लागेपर्यंत आज बाकावर बसलेली मुलं मोठी होऊन जातील.

मी कन्नड माध्यमाच्या शाळेत शिकवते. घरची भाषा कन्नड. मराठी माहेरच्या गल्लीत शिकले, लिहिताना चुकले तर सांभाळून घ्या. माझ्या वर्गात निम्मी मुलं मराठी घरातली आहेत. मागाच्या खटखटाटात वाढलेली. ती घरी मराठीत विचार करतात आणि शाळेत कन्नडमध्ये उत्तर देतात. जांबोटीवाट अक्कांच्या मुलीच्या यादीसारखी यादी माझ्या एका मुलाकडे आहे, फक्त उलटी. त्यानं मला विचारलं, "मिस, आमच्यात अक्का आणि तुमच्यात पण अक्का, मग बाकीचे शब्द का वेगळे?"

मला एक कबूल करायचं आहे. मेहनतीचे मार्क देताना मी मेहनत बघतच नव्हते. मी शांतपणा बघत होते. ज्या मुली हाताची घडी घालून बसतात, समास आखतात, त्यांना पाचपैकी पाच. जो मुलगा सारखा उठतो, शेजाऱ्याला विचारतो, त्याला तीन. एकदा त्याच्यामागे उभी राहून ऐकलं. तो शेजाऱ्याकडून प्रश्नाचा मराठी अर्थ विचारून घेत होता आणि मग कन्नडमध्ये लिहीत होता. वर्गातली सर्वांत जास्त मेहनत तोच करत होता आणि त्याचेच मार्क मी कापत होते.

---

निपाणीहून_पुण्यात | मंगळवार, दुपारी १.१५

मी शिक्षक नाही, शाळांसाठी ॲप बनवणाऱ्या एका कंपनीत काही वर्षं काम केलं. आतली एक गोष्ट सांगतो, कारण 'ॲपच मेहनत मोजेल' असं सांगणारे तुमच्याकडे येतील.

ॲप मेहनत कशी मोजतं? ॲप किती मिनिटं उघडं होतं, किती वेळा टिचकी मारली, किती दिवस सलग आला. बस. टॅब उघडा ठेवून मूल म्हशीला वैरण टाकायला गेलं तरी मिनिटं चालूच. उलट ज्यानं गणित कागदावर सोडवलं आणि फक्त उत्तर टाकलं, त्याची मिनिटं कमी, म्हणून त्याची मेहनत कमी. आम्ही चाचणी घेत होतो तेव्हा एका मुलीची सगळी उत्तरं चूक आली. सगळी बरोबर होती. तिनं कीबोर्ड मराठी ठेवला होता, त्यामुळे आकडे देवनागरीत पडले आणि ॲपला इंग्रजी आकड्यांतलंच बारा कळत होतं. बोलून उत्तर द्यायची सोय केली, तर 'मी करायलोय' असं आपलं साधं बोलणं त्याला उमगेना, ते काहीतरी हिंदी लिहून मोकळं झालं. पुस्तकी मराठी बोलणारं मूल पास, निपाणीचं मूल नापास.

यंत्राचं काम कशात आहे ते कडोलीच्या ताईंनी सांगितलंच. परत परत ऐकवणं, उच्चार ऐकवणं, अक्षर मोठं करून दाखवणं. यात ते थकत नाही, वैतागत नाही. न्याय करायला मात्र बसवू नका. युनेस्कोचा २०२३ चा शिक्षणातल्या तंत्रज्ञानावरचा अहवालही हेच विचारतो, की हे साधन कुणाच्या अटींवर वर्गात येतंय. स्वीडनसारखा देशसुद्धा त्याच वर्षी छापील पुस्तकांकडे परत वळू लागला.

आणि हल्ली एआयकडून निबंध लिहून आणतात, तो ओळखायला दुसरं एआय घेऊ नका. ते खात्रीचं नाही, निरपराध मूल अडकतं. बाईंनी 'बहुआयामी म्हणजे काय' विचारलं, तेवढं पुरतं.

---

निवृत्त_गुरुजी_हुक्केरी | मंगळवार, रात्री ८.००

सर्व प्रतिसाद सावकाश वाचले. छत्तीस वर्षे नोकरी केली. बाईंना एक धोका सांगायचा आहे.

शब्दांत लिहा म्हणता, ते बरोबर आहे. परंतु शब्दांचाही शिक्का बनतो. आमच्या काळी प्रगतिपुस्तकात शेरा लिहावाच लागे. माझ्याकडे पाच शेरे ठरलेले असत. 'प्रगती समाधानकारक', 'अभ्यासात सातत्य हवे', 'अक्षर सुधारावे', 'आणखी परिश्रम घ्यावेत', 'उत्तम'. चाळीस पुस्तके मी अर्ध्या तासात लिहून संपवीत असे. मुलाचे तोंडही डोळ्यासमोर येत नसे. आज त्याची खंत वाटते. तुम्ही मार्क काढून शब्द आणाल आणि दोन वर्षांत त्या शब्दांची हीच गत होईल.

नली-कली, म्हणजे खेळत व कार्डांवरून शिकण्याची पद्धत, जेव्हा आले तेव्हा मी पहिली ते तिसरी एकत्र शिकवीत होतो. हा प्रयोग १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे तालुक्यातून सुरू झाला व पुढे राज्यभर पसरला. त्यातील एक गोष्ट मला फार आवडे. प्रत्येक मुलाची शिडी निराळी. आजारपणामुळे आठ दिवस न आलेले मूल परत आले की जिथे थांबले होते त्याच पायरीवर पुन्हा सुरू करी. कोण कुठवर चढले ते भिंतीवरील तक्त्यावर दिसे आणि मुले स्वतःच तिथे जाऊन खूण करीत. त्यात पहिला-दुसरा क्रमांक नव्हता. पण कार्डे फाटली, शिक्षक कमी झाले, तक्ते भरण्याचेच काम वाढले, तेव्हा त्या खुणाही काही ठिकाणी साहेब येणार म्हणून आदल्या दिवशी होऊ लागल्या.

यावरून एक सुचवितो. शेरा लिहायचा असेल तर एकच नियम पाळा: तारीख आणि डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट. विशेषण लिहू नका. 'मेहनती', 'होतकरू', 'आळशी' यातले काही नको. 'अमुक तारखेला कन्नड शब्दांची यादी स्वतः केली' एवढेच. दरमहा दोन ओळी. ज्या मुलाविषयी दोन ओळी सुचणार नाहीत, त्याच्याकडे आपण महिनाभर पाहिलेच नाही असे समजावे आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याशेजारी जाऊन बसावे.

---

निपाणी_हायस्कूल | मंगळवार, रात्री ८.४०

गुरुजी, नमस्कार. शेवटचं वाक्य वहीत उतरवून घेतलं.

---

चिक्कोडी_गणित | मंगळवार, रात्री ९.३०

'तीनवरून नऊ' करून बघतो. आठवीच्या अकरा पोरांचे जूनचे पेपर माझ्याकडे आहेत. एक अडचण मात्र राहतेच. सॅट्सवर आकडा एकच जातो, तिथं दुसऱ्याला जागा नाही. आणि पस्तीसच्या खाली लिहायला माझा हात अजून धजत नाही. विचार करतो आहे.

---

कडोलीची_आई | बुधवार, सकाळी ८.००

सर, तुमचा हात धजत नाही हे वाचून बरं वाटलं. ज्या शिक्षकाचा हात सहज धजतो, त्याच्या वर्गात माझ्या मुलीनं तीन वर्षं काढली आहेत.

---

जांबोटीवाट | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९.००

उशीर झाला, क्षमा करा. मधे पाच दिवस आमच्याकडे रेंजच नव्हती.

शाळेत आम्ही तिघंच शिक्षक. एकत्र बसून ठरवलं ते असं. प्रोजेक्ट आता शाळेतच, शाळेच्या वेळेत करायचा. शुक्रवारचे शेवटचे दोन तास. पंधरापैकी सहा मार्क स्वतः बघितलेल्या किंवा मोजलेल्या गोष्टीला, पाच तोंडी प्रश्नांना, चार लिहिण्याला. सजावटीला काही नाही. रंग लावायचा तर हौसेनं लावावा. सीआरपी, म्हणजे आमच्या भागातल्या शाळांचे मार्गदर्शक, आले होते, त्यांना दाखवलं. ते म्हणाले, ॲक्टिव्हिटी कशी घ्यायची ते शिक्षकानं ठरवायचं, हरकत नाही.

शाळेत दोन टॅब धूळ खात होते. ते आता कन्नडच्या तासाला उच्चार ऐकायला काढतो. पाच पाच मुलं भोवती बसतात. गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे दोनशे पानी वही केली आहे, दरमहा प्रत्येकाच्या दोन ओळी. पहिल्या खेपेला चार मुलांबद्दल मला काहीच सुचलं नाही. चौघंही मागच्या बाकावरची.

स्पायरलवाल्या मुलाला मी परत करायला सांगितलं. आधी रुसला. मग त्यानं घरच्या हौदाचं केलं. रात्री थ्री फेज आलं की त्याचे वडील बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जातात. हा त्यांच्यासोबत गेला आणि घड्याळ लावून बसला. हौद भरायला चाळीस मिनिटं लागली, त्यात दोनदा लाइट गेली. त्याचं अक्षर खूपच वाईट आहे, हे मला सातवीत पहिल्यांदा कळलं, कारण आजवर त्याचं सगळं छापूनच यायचं. आता त्यावरही काम करता येईल.

काल एसडीएमसीची, म्हणजे शाळा समितीची, सभा झाली, पालकांना बोलावलं होतं. गवळीवाड्यावरची आई आली. तिला वाचता येत नाही, म्हणून वहीतल्या दोन ओळी मी वाचून दाखवल्या. कन्नड शब्दांची यादी स्वतः केली. झऱ्यावरच्या घागरीला चौसष्ट वाट्या लागतात हे मोजलं. तिनं परत एकदा वाचायला सांगितलं. मग म्हणाली, "चौसष्ट एप्रिलात, बाई. मे महिन्यात झरा आटतो, वाटी अर्धीच भरते. तवा शंभराच्या वर जातात."

मुलगी शेजारीच उभी होती. तिनं माझ्या हातातनं वही घेतली, खिडकीत जाऊन बसली आणि ते लिहून काढलं.